५५-२५० लेन्ससाठी यूव्ही फिल्टर ठेवू, हूड घेऊ की नुसतं झाकणच पुरे? मारबत तोंडावर आलीय

कॅमेरावाली_मनीषनगर

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे कॅननचा २००डी मार्क टू आहे, सोबत किटची १८-५५, आणि मागच्या महिन्यात पैसे साठवून ५५-२५० एसटीएम घेतली. बर्डीवर जिथून घेतली तिथल्या काकांनी बिल करता करताच एक यूव्ही फिल्टर काढला आणि लेन्सवर फिरवूनच टाकला, साडेचारशे रुपये. मी म्हटलं काका नको, तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी वर्धा रोडवर हेल्मेटशिवाय गाडी काढली. "बेटा काच फुटली तर लेन्स गेली" म्हणाले. मग काय, घेतला.

आता गंमत अशी की परवा रात्री मेट्रोच्या डबल डेकर पुलाचे फोटो काढले, तर जिथे जिथे पुलावरचे दिवे आहेत त्याच्या बरोब्बर उलट्या बाजूला हिरवट ठिपके. आधी वाटलं सेन्सरवर धूळ आहे, पण दिवसाच्या फोटोत काहीच नाही. शिवाय २५० ला, म्हणजे पूर्ण झूमला, दूरचे फोटो जरा लोण्यासारखे मऊ येतात, ते माझ्या हाताचं आहे की फिल्टरचं कळत नाही.

घरी भाऊ म्हणतो फिल्टर काढ, बाबा म्हणतात साडेचारशे दिलेत तर लावून ठेव. ऑनलाइन बघितलं तर त्यात आणखी ते जॅकेटसारखं रबरी कव्हर पण दिसतं लेन्सला घालायचं, त्याने डोकं अजून फिरलं. या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीला जायचंच आहे, मागच्या वर्षी मोबाइलवर काढले होते. गर्दी, गुलाल, वरून पाऊस, काहीही होऊ शकतं. तर लेन्सला नेमकं काय लावून जाऊ? बजेट फार तर हजार-बाराशे.

तर्री_पोहे

ताई, पयले त्या फिल्टरले काढून एक फोटो काढा अन् मंग लावून एक काढा, त्याच पुलाचा, त्याच जागेवरून. आपोआप कयते. म्या बी हेच केलं होतं फुटाळ्यावर, अन् त्या दिवसापासून फिल्टर डब्यात पडून हाये. डबा मस्त हाये मात्र, त्यात मेमरी कार्ड ठेवतो.

अन् बाबाले म्हना साडेचारशे तर गेलेच, आता फोटो काऊन घालवता.

सफारी_सोमवारपेठ

तर्रीभाऊ बरोबर बोलले, पण कारण सांगतो म्हणजे पुढच्या वेळी दुकानात बोलता येईल.

यूव्ही फिल्टर हा फिल्मच्या जमान्यातला प्रकार आहे. फिल्मला अल्ट्राव्हायोलेट उजेड दिसायचा, त्यामुळे डोंगरावर वगैरे फोटोत निळसर धुकं यायचं, म्हणून हा फिल्टर. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या समोर आधीच एक काच बसवलेली असते जी हे सगळं अडवते. म्हणजे तुझ्या फिल्टरचं मूळ काम कॅमेऱ्याच्या आतच होऊन गेलेलं आहे, आता तो उरला फक्त साधी काच म्हणून.

आणि साध्या काचेची भानगड अशी की कोटिंग, म्हणजे चमक कमी करणारा पातळ थर, नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास गेला. चांगल्या मल्टीकोटेड फिल्टरमध्ये हेच एका बाजूला अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. दिवसा याने काही बिघडत नाही, पण रात्री काळ्या आभाळात झगझगीत दिवा असला की त्याचा उजेड सेन्सरवर आपटून मागे फिरतो, तुझ्या त्या सपाट काचेच्या आतल्या बाजूवर आपटतो, परत सेन्सरवर येतो, उलटा होऊन. तेच तुझे हिरवे ठिपके. लेन्सची स्वतःची पुढची काच गोलाकार असते, तिच्यावरून परतलेला उजेड पसरून जातो, सपाट काच मात्र इमानदारीने पूर्ण ठिपका परत पाठवते.

२५० ला मऊपणा: हेही बरेचदा फिल्टरचंच असतं. काच अगदी सपाट नसली तर १८ ला काही कळत नाही पण जितकं झूम करशील तितकी ती चूक मोठी होऊन दिसते. माझ्याकडे १५०-६०० आहे, तिला ९५ एमएमचा फिल्टर लागतो, चांगला घ्यायचा तर किंमत ऐकूनच घाम फुटतो. एका मित्राचा स्वस्तातला लावून ट्रायपॉडवर ६०० ला एका झाडाच्या सालीचा फोटो घेतला, फिल्टर काढून परत घेतला. दोन झाडं वेगळी वाटावी इतका फरक. त्या दिवसापासून लेन्सच्या तोंडावर काहीही लावत नाही, ताडोब्याच्या मे महिन्यातल्या धुळीत सुद्धा नाही, आणि ती धूळ कशी असते हे उघड्या जिप्सीत बसलेल्याला विचारा, संध्याकाळी कानातून निघते.

मी काय लावतो? हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवती बसणारं प्लास्टिकचं कडं. कायम. तुझ्या ५५-२५० ला ईटी-६३ नावाचा हूड बसतो, १८-५५ ला ईडब्ल्यू-६३सी. कॅनन या लेन्ससोबत हूड देत नाही ही त्यांची कंजुषी, पण दुसऱ्या कंपन्यांचे तीन-चारशेत मिळतात आणि तेवढेच चालतात. धक्का लागला तर आधी हूडला लागतो, तो प्लास्टिकचा, वाकतो, वेळप्रसंगी तुटतो, काच वाचते. बाजूचा उजेड अडतो तो बोनस. थेंब आणि बोटं पण बऱ्यापैकी लांब राहतात.

ते जॅकेटवालं कव्हर तुझ्यासाठी नाही. ते निओप्रीनचं असतं आणि लेन्सच्या अंगाला असतं, तोंडाला नाही. आमच्यासारख्यांना जिप्सीच्या लोखंडी दांड्यावर लेन्स टेकवायची असते, पांढरी लेन्स झाकायची असते, पुढे विकताना ओरखडे नको असतात, म्हणून. तुझ्या लेन्सवर ते घातलंस तर बटणं दाबायचीच पंचाईत होईल.

जुना_प्रेसवाला

सफारीवाले, तुमचा वाघ अंगावर गुलाल फेकत नाही म्हणून हे सुचतंय तुम्हाला.

मी वीस वर्षांच्या वर या शहरात रस्त्यावर फोटो काढतोय, होळी, मारबत, दीक्षाभूमीची गर्दी, मोर्चे, पुराचं पाणी. माझ्या प्रत्येक लेन्सवर फिल्टर आहे आणि राहील. तुम्ही जंगलात तास तास बसता, लेन्स पुसायला निवांत वेळ, हातात ब्लोअर, मऊ कापड. मला मिरवणुकीत तोंडावर गुलाल आला की शर्टाच्या बाहीने पुसून पुढचा फोटो घ्यायचा असतो. बाहीने पुसायला मला चार-सहाशेची काच पाहिजे, चाळीस हजाराची नको. खराब झाला, बदलला.

बेटा, मारबतीचं सांगतो. काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ पासून निघतो, पिवळीचा १८८५ पासून, आणि इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघी समोरासमोर येतात तेव्हा जी रेटारेटी होते त्यात तुझा कॅमेरा तुझ्या हातात राहील की नाही याचीच खात्री नाही, फिल्टरचं काय घेऊन बसलीस. त्या जागी आधीच एखाद्या ओट्यावर किंवा ओळखीच्या गच्चीवर जाऊन उभी राहा. खाली रस्त्यावर असशील तर १८-५५ च लाव, २५० चं काही काम नाही तिथे. बडगे, म्हणजे मिरवणुकीतले खिल्ली उडवणारे पुतळे, जवळून जातात तेव्हा त्यावरच्या पाट्या वाचता येतील असे फोटो घे, दरवर्षी कोणाकोणाची खिल्ली उडवतात तीच खरी मजा.

आणि हो, एकदा सीताबर्डीत कॅमेरा खांद्यावरून झोल खाऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आपटला. फिल्टर चकनाचूर, लेन्सला ओरखडा नाही. त्यामुळे मला कोणी शिकवू नका.

सफारी_सोमवारपेठ

दादा तुमच्या अनुभवापुढे मी लहान, पण त्या ट्रॉलीबद्दल एक बोलू का? फिल्टरची काच एक-दोन मिलीमीटरची असते, लेन्सची पुढची काच त्याच्या कितीतरी पट जाड. जो मार फिल्टर फोडतो तो लेन्सच्या काचेला कदाचित काहीच करू शकला नसता. उलट फुटलेल्या फिल्टरचे तुकडेच आत घासून ओरखडे पाडतात, असे एक-दोन लेन्स मी स्वतः पाहिलेत. तुमचं नशीब चांगलं म्हणा. हूड असता तर फिल्टरही वाचला असता.

गुलालाचं मात्र मान्य. तिथे फिल्टरच. बाहीचं पण मान्य, नाइलाजाने.

जुना_प्रेसवाला

नशीब वीस वर्षं चांगलं राहिलं तर त्याला अनुभव म्हणतात राजा.

पण हूड लावतो मी पण. ते आधी लिहायचं राहिलं.

तर्री_पोहे

मंजे दोघंबी एकच बोलून राहिले अन् भांडून राहिले 😄 ताई तुमी हूड बी घ्या अन् गुलालाच्या दिवशी फिल्टर बी लावा, झालं.

कॅमेरावाली_मनीषनगर

बाप रे, एवढं सगळं! थँक्यू सगळ्यांना.

काल रात्री दोन्ही करून पाहिलं, फिल्टर लावून आणि काढून. म्हणजे काढून करायचं होतं पण फिल्टर निघेचना. भावाने जोर लावला तरी नाही. त्या काकांनी काय ताकद लावून बसवलाय देव जाणे. आता काय करू? पकड लावू का?

आणि एक, लेन्सच्या कडेला ५८ लिहिलंय, त्याच्या आधी शून्याला तिरपी रेघ मारल्यासारखं चिन्ह आहे. १८-५५ वर पण तेच. म्हणजे एकच फिल्टर दोघींना चालेल ना? प्रेसवाले काका, तुम्ही १८-५५ लाव म्हणालात म्हणून विचारते.

सफारी_सोमवारपेठ

पकड अजिबात नको!! दोन बोटांनी किंवा पकडीने दाबलं की ती पातळ रिंग लंबगोल होते आणि आट्यांमध्ये आणखीनच रुतते, म्हणून तर निघत नाही. दाब सगळ्या बाजूंनी सारखा पडला पाहिजे. भाजीच्या जुडीला असतं ना तसं रुंद रबर बँड रिंगच्या भोवती गुंडाळ आणि हलक्या हाताने फिरव. नाही निघाला तर रबरी स्लिपर स्वच्छ धुऊन वाळवून घे, लेन्स उपडी करून फिल्टरची कडा तिच्या तळव्यावर टेकव, हलकासा दाब देऊन लेन्स फिरव. हसू नको, निघतो. पुढच्या वेळी लावताना पूर्ण घट्ट करायचा नाही, अडकला की पाव फेरा मागे.

हो, ५८ म्हणजे फिल्टरचा व्यास मिलीमीटरमध्ये, दोन्ही लेन्सना एकच चालेल. पुढे ५० एमएम घेशील तर तिला ४९ लागतो, तेव्हा फसू नको. दुकानात जाताना झाकणाच्या आतली बाजू बघितली तरी आकडा असतो.

नवीन घ्यायचा असेल तर मल्टीकोटेड लिहिलेलाच घे, हजारच्या आसपास ५८ चा बरा मिळून जातो. 'यूव्ही' लिहिलंय की 'प्रोटेक्टर' लिहिलंय याने तुला काही फरक पडत नाही, कोटिंग बघ. दुकानातच ट्यूबलाइटखाली तिरपा धर. ट्यूबचं प्रतिबिंब पांढरं शुभ्र दिसलं तर ठेव परत, जांभळट-हिरवट आणि मंद दिसलं तर घे.

कूलरपीडित

सगळे लेन्सच्या समोरच्या काचेवर बोलून राहिले, मी मागून येतो.

ताई, तुम्ही कॅमेरा ठेवता कुठे? उन्हाळ्यात कुठे ठेवला होता?

कॅमेरावाली_मनीषनगर

माझ्या खोलीत, कपाटात. उन्हाळ्यात कूलरसमोरच्या टेबलवर असायचा कारण बाबा म्हणाले गरमीने खराब होईल. का हो?

कूलरपीडित

तेच, तेच, तेच. मी हेच केलं होतं.

नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ डिग्री, हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो. म्हणजे खरं तर बुरशीसाठी सगळ्यात वाईट सीझन, आपल्या लेन्ससाठी सगळ्यात चांगला. पण आपण काय करतो, खिडकीत डेझर्ट कूलर लावतो, वाळ्याच्या ताट्या ओल्या करतो, आणि बंद खोलीत चार महिने पाण्याची हवा सोडतो. बाहेर २० टक्के ह्युमिडिटी असेल तर खोलीत ६०-७० सहज. एक छोटा ह्युमिडिटी मीटर येतो दोन-तीनशेत, मी गंमत म्हणून आणला आणि कूलरसमोर ठेवला तर माझी गंमत संपली. बुरशीला ६० च्या वर सतत दमटपणा, अंधार आणि बंद हवा मिळाली की बास. पावसाळ्यात लोक काळजी घेतात, नागपुरात खरी लागण उन्हाळ्यातच होऊन जाते, दिसते ऑगस्टमध्ये.

माझी ३५ एमएम अशीच गेली. कूलरच्या खोलीत बॅगेत, बॅग बंद. दिवाळीत काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली, पैसे घेतले, पण एका काचेचं कोटिंग खाल्लेलं होतं, ते डाग राहिले ते राहिलेच. बाहेरून फिल्टर लावला होता बरं का मी, चांगला महागाचा.

आज रात्री एक करा. लाइट बंद, लेन्स कॅमेऱ्यातून काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरपं बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, धूळ सगळ्यांच्या लेन्समध्ये असते, फोटोत येत नाही. धागे, फांद्या, धुकट गोळे दिसले तर बुरशी.

कॅमेरावाली_मनीषनगर

आधी आनंदाची बातमी, फिल्टर स्लिपरवर निघाला! आईची बाथरूमची स्लिपर, ती अजून रागावलेली आहे. रात्रीच जाऊन पुलाचे फोटो काढून आलो, ठिपके गायब. २५० चे फोटो पण चांगलेच कडक आलेत, म्हणजे माझा हात निर्दोष.

टॉर्च मारून पाहिलं. माझ्या दोन्ही लेन्स साफ आहेत (देवा!). पण बाबांची जुनी फिल्म कॅमेऱ्याची एक लेन्स त्याच कपाटात शेजारीच होती, तिच्यात कडेला पांढऱ्या मुळ्यांसारखं काहीतरी पसरलंय. बाबा गप्पच झाले, माझ्या बारशाचे फोटो त्यानेच काढलेले. माझ्या लेन्सना पण लागेल का ते?

कूलरपीडित

आजच्या आज वेगळी ठेवा. बुरशीचे बीजाणू तसे हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे लगेच लागेल असं नाही, पण दमट कपाटात शेजारी झोपवू नका. बाबांची लेन्स जुनी आहे, साध्या बनावटीची असेल तर उघडून साफ करणारे मिळतात आणि बरेचदा वाचते पण, उशीर केला तर काच खाते.

तुमच्यासाठी डब्याचा उपाय. स्वयंपाकघरात मिळतो ना रबराची कडा असलेला, चारी बाजूंनी खटके लागणारा मोठा प्लास्टिकचा डबा, तो घ्या. खाली रंग बदलणारी सिलिका जेल, पाव किलो पुष्कळ झाली. निळी असते, पाणी प्यायली की गुलाबी होते, मग जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहिलं की परत निळी, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला नको. आत तो छोटा मीटर टाका, ४० ते ५० च्या मध्ये राहिला की झालं. ३० च्या खूप खाली पण नको, रबर आणि ग्रीस सुकतं. डबा, जेल, मीटर मिळून हजारच्या आत. आणि सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे, दर आठवड्याला कॅमेरा काढून वापरा.

पावसाळ्यात अजून एक. एसीच्या खोलीतून थेट बाहेरच्या दमट हवेत काढलात तर काचेवर वाफ धरते. बाहेर जायच्या अर्धा-पाऊण तास आधी झिपवाल्या पिशवीत बंद करूनच बाहेरच्या खोलीत ठेवा, तापमान सारखं झालं की उघडा.

जुना_प्रेसवाला

हे कूलरचं माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आत्ता उठून तीन लेन्समध्ये टॉर्च मारून आलो. एकीत आहे. ट्रॉलीवर आपटलेलीच. फिल्टरने ट्रॉलीपासून वाचवली आणि मी कूलरला दिली.

बेटा, मारबतीसाठी शेवटचं. तुझा कॅमेरा पावसाचा नाही, लेन्स पण नाही. झूम करताना तिचं नाक पुढे येतं आणि मागे जातं, तेव्हा ती हवा आत ओढते, सोबत पाणी आणि गुलाल पण. समोरच्या फिल्टरने ते अडत नाही. म्हणून दुधाच्या पिशवीपेक्षा जरा मोठी जाड प्लास्टिक पिशवी घे, बुडाला भोक पाड, ते हूडवर ताणून रबर बँडने बांध, मागून हात घाल. दिसायला गबाळं, पण मी त्यावर अख्खे पावसाळे काढलेत. गुलाल बसला तर आधी फुंकणीने उडव, तोंडाने नाही, थुंकी उडते. ओलं फडकं तर नकोच, चिखल होतो. झाकण जीन्सच्या खिशात टाकू नको, खिशातला सगळा भुसा काचेवर जातो.

आणि गर्दीत लेन्स बदलायची नाही. म्हणजे नाही.

कॅमेरावाली_मनीषनगर

जाऊन आले!!

ईटी-६३ चा हूड साडेतीनशेला मिळाला, १८-५५ चा पण घेतला, डबा आणि जेल घरी आली. नवीन फिल्टर नाही घेतला, तोच काकांचा साडेचारशेचा १८-५५ वर लावून गेले, दिवसाचंच काम होतं म्हणून. बाबा खूश, पैसे वसूल. पिशवीचं जुगाड केलं, लोक हसत होते, मग सव्वाबाराला पाऊस आला आणि हसणारे आपापले फोन खिशात घालून पळाले. फिल्टरवर दोनदा गुलाल बसला, एकदा कोणाची तरी कोपर बसली, हूड निघून खाली पडला, एका काकूंनी उचलून दिला. "ईडा पीडा घेऊन जाय वो मारबत" ओरडताना एका छोट्या पोराचा चेहरा मिळालाय, तो मोठा करून भिंतीवर लावणार.

घरी येऊन फिल्टर काढून बघितला तर कडेला बारीक ओरखडे, मी बाहीने पुसला होता. काका तुमच्याकडूनच शिकले 😅

भावाने काढलेला माझा एक फोटो टाकते, पिशवीसकट.

सफारी_सोमवारपेठ

फोटो मस्त. पण ताई, यात हूड उलटा लावलेला दिसतोय, मागच्या बाजूला तोंड करून. तसा तो फक्त बॅगेत ठेवताना लावतात.

कॅमेरावाली_मनीषनगर

...म्हणून पडला का तो?

तर्री_पोहे

मारबतीले सांगाचं राह्यलं वाटते 😂